डालग्याखालचा डबा

निघायच्या आदल्या दिवशी दिगंबरनं खुराड्यावर यंत्राचा बोलका डबा बसवला. आठ दिवस तोच दाणे टाकणार, पाणी भरणार आणि दिवेलागणीला दिगंबरच्या आवाजात हाक मारून कोंबड्यांना आत घेणार होता. त्याची आई हौसाबाई ओसरीवरून बघत होती. ज्यानं जन्मात कधी मूठभर दाणे टाकले नाहीत, त्याच्या हाकेला कोंबड्या येणार म्हणे. ही अक्कल कुठल्या बाजारात मिळते, असं तिला वाटलं.

"मी आहे की रे घरात," ती म्हणाली.

"तुला कशाला त्रास, आई? तुझ्याही खोलीत तसलाच डबा लावलाय."

सकाळी दिगंबर नि त्याची बायको अंदमानला फिरायला गेले. तिन्हीसांजेला खुराड्यावरचा डबा बोलला, "या, या, आत या." दिगंबरचा आवाज ऐकताच सगळ्या कोंबड्या फडफडत पेरूच्या झाडावर जाऊन बसल्या.

तेवढ्यात खोलीतूनही तोच आवाज आला, "आई, जेवलीस का?"

"बसतेच रे आता," हौसाबाई बोलून गेली. मग तिला आठवलं, की पोटच्या पोरानं हे कधीच विचारलं नव्हतं. डब्याला शिकवलं होतं, तेवढंच.

तिनं खोलीतला डबा उचलून परसात आणला आणि कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली घातला. मग नेहमीची हाक मारली. कोंबड्या उतरून तिच्या पायाशी आल्या.

"आई, जेवलीस का?" डालग्याखालून आवाज आला.

"तुम्ही शहाण्या गं," ती कोंबड्यांना म्हणाली. "परका लगेच ओळखलात. मी मेली ओ देऊन बसले."