जोडीचं काम

पंपाच्या कारखान्यात ती दोघं नवरा-बायको समोरासमोर बसायची. तो पंपात मोटर बसवायचा, ती झाकण लावून स्क्रू आवळायची. बाकीचे कामगार त्या टेबलाला ‘राजाराणीचं टेबल’ म्हणून चिडवायचे.

एके दिवशी साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. “परदेशातले कारखाने आपल्यापेक्षा झपाट्याने पंप काढतायत. आपला वेग वाढला नाही तर ऑर्डर तिकडे जाईल आणि इथे कुलूप लागेल.”

त्या रात्री दोघांनाही जेवण गेलं नाही.

“अहो, माझा एक हात नुसता पंप धरण्यातच अडकतो,” ती म्हणाली. “काहीतरी करा ना.”

त्याने भंगारातल्या पट्ट्या वाकवून पंप घट्ट धरणारा एक शिकंजा बनवला. तिने सगळे सुटे भाग हाताशी येतील असे मांडले. मग मात्र त्या टेबलावरून भराभर पंप निघायला लागले. त्यांचं बघून इतरांनीही तसंच केलं, आणि ऑर्डर वाचली.

साहेब स्वतः त्यांच्या टेबलापाशी आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. “वहिनी, आता पार्टी पाहिजे!” मागून कोणीतरी ओरडलं. ती लाजून हसली, त्याची छाती फुगली.

साहेबांनी शिकंज्यात पंप अडकवला आणि कुणाचीही मदत न घेता पुरा जोडून पाहिला.

 

“कमाल केलीत! आता इथे एकच माणूस पुरे. दोघांपैकी काम कोण सोडणार, ते आज घरी बसून ठरवा.”