दगडातली हिरवी शीर

समुद्रतळाखालून उपसलेला बेसाल्ट चिसातोनं करवतीवर उभा चिरला. एक फाक अभ्यासाला, दुसरी जपून ठेवायला, ही त्या संशोधन-जहाजावरची रीत. काळ्या दगडातून एक शीर गेली होती: कडांना हिरवी माती, पोटात पांढरा चुना. भेगेत पाणी शिरलं की आधी हिरवं धरतं, मग पांढरं भरतं, आणि दगड मूळचा दगड राहत नाही.

हातमोजा काढून तिनं शिरेवर तळहात फिरवला.

"मोजा घाल! आता काय चाटून बघणार आहेस?" तिचे वरिष्ठ कुवाबारासान खेकसले. बेसाल्ट तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. भाताचा गोळा खातानाही त्यांचे हातमोजे निघत नसत. सगळे त्यावरून त्यांची टर उडवत.

चिसातो हसत हात धुवायला गेली. तळहातावरची एक रेघ हिरवी झाली होती, काही केल्या जाईना. तिनं खरवडून पाहिलं. नख मऊ मातीत रुतावं तसं आत रुतलं. दुखलं मात्र नाही.

"कुवाबारासान, हे जाईल ना?"

त्यांनी तिचा हात उजेडात धरला. मग स्वतःचा मोजा हळूहळू सोलून काढला.

त्यांच्या तळव्यावर हिरवं काहीच उरलं नव्हतं. तो पांढरा हात त्यांनी टेबलावर टेकवला, तेव्हा खट्कन वाजला.