बावखलाकाठची जागा

माझा थोरला भाऊ सहाव्या दिवशी गेला. बारसं झालं नव्हतं, म्हणून त्याला नाव नाही. एवढ्या तान्ह्याला जाळत नाहीत, म्हणून वसईच्या वाडीतच पुरलं, काही खूण न ठेवता. पन्नास वर्षांनी, अंथरुणाला खिळलेल्या आईला ती जागा हवी होती.

तेव्हा खड्डा खणणारे सदानंदकाका आता ऐंशीचे झालेत. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठी झाडाझाडापाशी थांबून शेवटी ते म्हणाले, "विनया, नाय गो आठवत."

मी बोळिंजला आईला फोन लावला. "जागा सापडत नाही गं. तूच त्याची आठवण काढ."

"काढते," आई म्हणाली.

सोनचाफ्याखाली उचकी ऐकू आली. बारीक, तान्ह्या बाळाची. मग पुन्हा. आवाज मातीतून येत होता.

काकांनी बावखलातून ओंजळभर पाणी आणलं. ते मातीवर ओतलं, तशी उचकी थांबली.

मी तिथे हात टेकवले. "सापडलास रे दादा. फार उपकार झाले."

आईला सांगितलं. ती थोडी रडली, मग फोन कानाशी धरूनच झोपी गेली. तिचा संथ श्वास मला ऐकू येत होता.

मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं, आणि मला उचकी लागली.