तिसरा सिलिंडर

"काका, नारळ फोडायच्या आधी गाडी ऐका की," जिनेंद्र म्हणाला.

सर्जेरावांनी लांब स्क्रूड्रायव्हर काढला. त्यांच्या जुन्या गाड्यांच्या क्लबची पद्धतच होती ती. दर दसऱ्याला आठ सिलिंडरच्या, पेट्रोल ढोसणाऱ्या बारा गाड्या माळावर उभ्या राहायच्या. सर्जेराव एकेका चालू इंजिनावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मुठीला कान लावायचे, "चालंल" म्हणायचे आणि मगच नारळ फुटायचा. यंदा माळावर एकच गाडी होती, जिनेंद्रची, तीही बॅटरीची. बाकीच्या, सर्जेरावांच्या लाल गाडीसकट, नव्यानं पासिंग मिळेना म्हणून भंगारात गेल्या होत्या.

जिनेंद्रनं बटण दाबलं. गाडीच्या स्पीकरमधून इंजिनाची खोल गुरगुर उठली.

"तुमच्याच गाडीचा आवाज हाय, काका. भंगारात नेली त्या दिवशी रेकॉर्ड केलता."

सर्जेरावांनी डोळे मिटून ऐकलं. हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"तिसरा सिलिंडर मिसिंग मारतोय. बॉनेट उघड, आत्ता नीट करतो."

जिनेंद्रनं बॉनेट उघडलं. आत इंजिनाच्या जागी सामान ठेवायची पेटी होती आणि तीत झेंडूच्या माळा.

आवाज मात्र चालूच होता, त्याच जागी पुन्हा पुन्हा अडखळत. तो दोष आता कुणालाच काढता येणार नव्हता. तरी सर्जेराव वाकले, पेटीच्या तळाला टोक टेकवून त्यांनी मुठीला कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले.

मग स्क्रूड्रायव्हर माळांखाली ठेवून त्यांनी बॉनेट लावलं.

"चालंल," ते म्हणाले. "फोड नारळ."