दिवसाचे दिवे

भर दुपारी, सरळसोट रस्त्यावर, इमानालींनी गाडी आडवी घातली. समोरून येणाऱ्या पांढऱ्या व्हॅनला करकचून ब्रेक मारावा लागला. इमानाली खाली उतरले, टोपी सावरली आणि व्हॅनच्या काचेवर बोटाने टकटक करून म्हणाले, "दिवे लाव."

व्हॅनवाला तरुण होता. त्याने आधी आभाळाकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. ऊन डोक्यावर आहे, दिवे कसले लावायचे, बल्ब फुकट मिळतात का, असं त्याने विचारलं. इमानालींनी त्याला बजावलं की काळ्या रस्त्यावर गाडी लांबून दिसत नाही आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तो हसला. "आजोबा, तुम्ही पोलीस आहात का?" म्हणाला आणि बाजूने व्हॅन काढून निघून गेला. दिवे न लावताच.

मागच्या सीटवर त्यांची सून सिर्गा दात आवळून बसली होती. सकाळपासून हेच चाललं होतं. बिनदिव्याची गाडी जवळ येऊन दिसली की आपल्या दिव्यांची उघडझाप करायची, हॉर्न वाजवायचा, आणि समोरचा थांबला तर भांडायचं. तलासला, तिच्या माहेरी, धाकट्या भावाचं लग्न होतं. आता ती पोचेपर्यंत पंगत उठलेली असणार. तिच्याजवळ लायसन होतं, गाडीही बरी चालवायची. पण नवरा एर्मेक मॉस्कोला कामाला गेल्यापासून इमानालींनी स्टिअरिंगला कुणाला हात लावू दिला नव्हता. आणि सासऱ्यांना दोनदा विचारायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हेच जास्त चिडवणारं होतं. सुसामिरच्या या माळावर राखाडी गाडी खरोखरच रस्त्यात विरून जाते, हे तिलाही ठाऊक होतं. पण म्हणून साऱ्या जगाला वळण लावत माहेरी जायचं?

पुढे कोळशाचा ट्रक लागला. बराच वेळ त्याच्या धुरळ्यात रखडल्यावर इमानालींनी गाडी डावीकडे, समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला काढली. समोरून एक राखाडी गाडी येत होती. दिवे नव्हते, पण ऊन लख्ख होतं आणि रस्ता मोकळा. सिर्गाने पाहिली. आता ते गाडी मागे घेतील, असं तिला वाटलं. त्यांनी वेग वाढवला.

"अताके, गाडी!" सासऱ्यांना हाक मारत ती ओरडली.

"कुठे?" इमानालींनी विचारलं.

समोरची गाडी हॉर्न देत रस्ता सोडून खडीत उतरली, तिरकी झाली, तरीही कशीबशी सावरली. ट्रकवाल्याने वेग कमी करून जागा दिली म्हणून ते वाचले. थोडं पुढे जाऊन इमानालींनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. त्यांचे हात स्टिअरिंगवरच राहिले.

"त्याचे दिवे बंद होते," ते म्हणाले.

"हो," सिर्गा म्हणाली. एवढंच बोलून तिला थांबता आलं असतं. "पुढे रस्त्यात घोड्या उभ्या आहेत, अताके. त्यांना दिवे लावायला कोण सांगणार?"

इमानाली काचेकडे झुकले आणि डोळे बारीक करून बघत राहिले. घोड्या समोरच होत्या, रस्त्याच्या मधोमध, शिंगरांसकट.

तिने विचारलं, कधीपासून दिसत नाही. हिवाळ्यापासून, ते म्हणाले. आधी कडा गेल्या, मग मधलं धूसर झालं. दिवा असला की कळतं काहीतरी येतंय, नसला की अगदी जवळ येईपर्यंत नुसता रस्ता. डॉक्टरकडे गेले असते तर त्याने एर्मेकला कळवायला लावलं असतं.

"त्याला सांगू नकोस, बालाम, माझ्या पोरी. सगळं टाकून परत येईल."

सिर्गाच्या मनात काही वेगळंच आलं होतं. हिवाळाभर रोज सकाळी, बर्फातून, ते तिच्या मुलीला याच गाडीतून शाळेत सोडत होते. आणि सिर्गा स्वतः दारात उभी राहून दोघांना हात हलवायची. ती खाली उतरली, पुढचं दार उघडलं आणि हात पुढे केला.

इमानालींनी चावी तिच्या तळहातावर ठेवली. बॉनेटला हात लावत लावत ते गाडीला वळसा घालून गेले. ती त्यांच्यासाठी शेजारचं दार उघडून उभी होती, पण ते मागे गेले आणि तिच्या जागेवर, आहेराच्या गाठोड्याशेजारी बसले.

सिर्गाने सीट पुढे ओढली. लग्न होऊन आल्यापासून तिने कधी सासऱ्यांकडे पाठ केली नव्हती. मान ताठ ठेवून तिने गाडी सुरू केली, दिवे लावले, घोड्यांच्या कडेकडेने हळू बाहेर काढली. मग रस्ता पुन्हा सरळ झाला.

"समोरून कोणी येतंय?" मागून प्रश्न आला.

"नाही, अताके."

सिर्गाने वेग थोडा वाढवला.

"आणि बिनदिव्याचं?"