कोरं वर्णन

चाचणीचा प्रोग्राम बोटसेवेच्या वेबसाइटवरची एकेक गोष्ट तपासत होता. बटणं पास झाली, लिंकही झाल्या. घोडं अडलं ते एका फोटोपाशी: न्यूझीलंडमधल्या ब्लफ बंदराच्या धक्क्यावरचा रिकामा बाक. 'वर्णन नाही.'

नुसत्या शोभेच्या फोटोचं वर्णन मुद्दाम कोरं ठेवतात, म्हणजे अंधांना पान वाचून दाखवणारा आवाज तो गाळून पुढे जातो. वेबसाइट तयार करणाऱ्या मेरेनियानं ते कोरं म्हणून नोंदवलं. प्रोग्रामनं पास झाल्याची हिरवी खूण दाखवली.

टेबलाच्या समोरच्या बाजूला तिचे वयस्क सहकारी रोपाटा हेडफोन लावून तेच पान ऐकत होते. माणूस जन्मांध, पण चूक हमखास पकडणारा. मेरेनिया त्यांना माओरीत 'मातुआ', म्हणजे काका, म्हणायची.

"काय गं, बाकावर कोणाला बसवलंस?"

"कोणाला नाही, मातुआ. रिकामा आहे."

"हा आवाज तर म्हणतोय, बाकावर बसलेला माणूस."

"आज चहा राहिलाय वाटतं तुमचा!" ती हसली, तरी उघडून पाहिलं. वर्णन कोरंच होतं. "परत ऐका बरं."

रोपाटांनी ऐकलं. "आता म्हणतोय, रिकामा बाक."

मेरेनियाचं हसू मावळलं. आवाजानं इथे काहीच बोलायला नको होतं.

"पुढचा फोटो कुठला गं?"

"तुमचाच. याच खुर्चीतला, एकट्याचा."

रोपाटा पुढे ऐकत राहिले. मग त्यांनी सावकाश हेडफोन काढला. मान मात्र वळवली नाही.

"मेरेनिया," ते अगदी हळू म्हणाले, "माझ्या खांद्यावरचा हात तुझाच ना?"

मेरेनिया टेबलापलीकडे बसली होती. तिचे दोन्ही हात कीबोर्डवर होते.