'बेअर'चे अर्थ

"अस्वल!" मोहसीन ओरडला आणि सगळा वर्ग हसला.

"ते बेअर वेगळं. फळ्यावर बघ की जरा," मन्मथ सर म्हणाले. "बी, ए, आर, ई. बस खाली."

चुकेल त्यानं खाली बसायचं. शेवटी जो उभा राहील, तो रविवारी नांदेडच्या इंग्रजी शब्दस्पर्धेला जाणार. लातूरच्या या क्लासमधून एकच नाव पाठवायचं होतं. पत्र्याच्या त्या खोलीत सकाळी साठ जण उभे राहिले होते. मोहसीन बसला आणि दोघंच उरले. यासेर आणि शिवगंगा.

"बेअर फूट. अनवाणी," यासेर म्हणाला.

"बेअर ट्री. पानं झडलेलं झाड," शिवगंगा म्हणाली.

"बेअर हेड. उघडं डोकं."

"बेअर रूम. सामान नसलेली खोली."

"बेअर मिनिमम! अगदी कमीत कमी!"

पोरं बाकं बडवायला लागली. शिवगंगाच्या कानशिलांत रक्त उसळत होतं. रोज एस.टी.नं येणारी, मधल्या बाकावर गप्प बसणारी ही पोरगी आजवर कुठल्याच स्पर्धेत शेवटपर्यंत उभी राहिली नव्हती. शेजारच्या जेबानं तिच्या ओढणीचा शेव घट्ट धरून ठेवला होता, जणू पळायची शर्यत होती.

"बास, अर्थ पुरे झाले," सरांनी हात वर केला. "'बेअर हँड्स'. यावर एकेक वाक्य करा. पुस्तकातलं नको, स्वतःचं पाहिजे."

यासेर तयारच होता. "माय अंकल कॉट अ स्नेक विथ बेअर हँड्स!"

मामानं नुसत्या हातानं साप धरला! मागून शिट्ट्या आल्या. सर हसले आणि शिवगंगाकडे वळले.

तिनं क्षणभर डोळे मिटले. वाक्य मनात जुळवलं. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "माय मदर डिग मी आउट विथ बेअर हँड्स."

"म्हंजे?" जेबानं हळूच विचारलं.

"आईनं मला नुसत्या हातांनी उकरून बाहेर काढलं."

बाकं वाजायची थांबली. किल्लारीच्या भूकंपाला दहा वर्षं झाली होती. शिवगंगा तेव्हा सहा वर्षांची असणार, हा हिशेब वर्गात एकेकाच्या डोक्यात आपोआप होत गेला. मोहसीननं मान खाली घातली. सरांच्या हातातला खडू तसाच राहिला. कुणी काही न सांगताच यासेर सावकाश खाली बसला.

शिवगंगानं सरांकडे पाहिलं. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. तिनं आपलं वाक्य मनात पुन्हा एकदा तपासलं.

"सर, सर, थांबा, चुकलं माझं!" ती घाईघाईनं म्हणाली. "'डिग' न्हाई, 'डग'! पास्ट टेन्स हाय सर. ते होऊन गेलंय."